होमाई व्यारावाला यांच्यावरील ग्रंथ आणि स्मृतिसंग्रह

होमाई व्यारावाला (९ डिसेंबर १९१३, नवसारी – १५ जानेवारी २०१२, वडोदरा) या भारतातील पहिल्या स्त्री छायाचित्र-पत्रकार म्हणून ओळखल्या जातात. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० पर्यंत त्यांनी आधी मुंबईत व नंतर दिल्लीत वृत्तपत्रे, साप्ताहिके आणि वृत्तसंस्था यांच्यासाठी छायाचित्रे काढली. त्यांची अनेक चित्रे स्वातंत्र्याच्या इतिहासाची दृश्य साक्ष म्हणून पाठ्यपुस्तकांतून व नियतकालिकांतून वारंवार छापली गेली. परंतु ती काढणाऱ्या स्त्रीचे नाव सर्वसामान्य वाचकाला दीर्घकाळ ठाऊक नव्हते. हे नाव पुन्हा लोकांसमोर आले ते त्यांच्या निवृत्तीनंतर सुमारे तीन दशकांनी, आणि तेही प्रामुख्याने एक माहितीपट, एक चरित्रग्रंथ व एक सुव्यवस्थित संग्रह यांच्यामुळे. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचा, संग्रहाचा, प्रदर्शनांचा व अन्य स्मृतिचिन्हांचा परिचय करून दिला आहे. होमाईंच्या जीवनाचा वृत्तान्त त्यास आवश्यक तेवढाच घेतला आहे.

नाव व लेखनभेद

मराठी वृत्तपत्रांत त्यांचे आडनाव ‘व्यारावाला’ व ‘व्यारवाला’ अशा दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. ‘होमाई’ हे पारशी स्त्रियांत रूढ असलेले नाव असून काही ठिकाणी त्याचे ‘होमी’ असे चुकीचे रूप छापले जाते. ‘होमी’ हे पुरुषाचे नाव आहे. ज्या स्त्रीची आरंभीची चित्रे पुरुषाच्या नावावर छापली गेली, तिच्याच बाबतीत हा घोटाळा पुन्हा व्हावा हे विचित्र आहे. म्हणून येथे ‘होमाई’ हेच रूप वापरले आहे.

मुंबईतील घडण

होमाईंचा जन्म त्या वेळच्या बडोदे संस्थानातील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील दोसाभाई हाथीराम हे पारशी-उर्दू रंगभूमीवरील नट होते. नाटक मंडळीबरोबर गावोगाव हिंडण्यात होमाईंचे बालपण गेले व पुढे कुटुंब मुंबईत स्थिरावले. ग्रँट रोड येथील शाळेत मॅट्रिकच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. सेंट झेवियर महाविद्यालयातून अर्थशास्त्राची पदवी आणि सर ज. जी. कला विद्यालयातून कलाशिक्षण असे त्यांचे शिक्षण झाले.

वयाच्या तेराव्या वर्षी त्यांची माणेकशा व्यारावाला यांच्याशी ओळख झाली. माणेकशा हे टाइम्स ऑफ इंडियाच्या कचेरीत हिशेबनीस होते आणि छायाचित्रणाचा त्यांना छंद होता. कॅमेरा धरण्यापासून अंधारखोलीत निगेटिव्ह धुऊन प्रत काढण्यापर्यंतची सर्व विद्या होमाई त्यांच्याकडूनच शिकल्या. दोघांचा विवाह १९४१ मध्ये झाला.

त्यांची पहिली प्रसिद्ध छायाचित्रे मुंबईच्या एका महिला मंडळाच्या सहलीची होती. ती ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली आणि प्रत्येक चित्रामागे एक रुपया दिला. त्यानंतर ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’मध्ये त्यांची चित्रे येऊ लागली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर संपादक स्टॅन्ली जेप्सन यांनी त्यांना युद्धकाळातील मुंबईच्या जीवनावर कामे दिली. कला विद्यालयातील सहाध्यायी विद्यार्थिनी, विशेषतः रेहाना मोगल, यांची त्या काळात काढलेली चित्रे आज विशेष मोलाची मानली जातात. कोणताही नेता किंवा समारंभ नसलेल्या या चित्रांत शिकणारी, हिंडणारी, स्वतःच्या मर्जीने कॅमेऱ्याकडे पाहणारी तरुण मुंबईकर स्त्री दिसते, आणि ती पाहणारी नजरही स्त्रीची आहे. दिल्लीतील राजकीय चित्रांच्या प्रसिद्धीमुळे हा भाग पुष्कळ काळ मागे पडला होता. पुढे वर्णिलेल्या ग्रंथाने त्याला योग्य ते स्थान दिले.

दुसऱ्याच्या नावावर छापलेली चित्रे

मुंबईच्या आरंभीच्या वर्षांत होमाईंनी काढलेली कित्येक चित्रे माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. त्या अपरिचित होत्या आणि स्त्री होत्या, ही दोन्ही कारणे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितली आहेत. पतीने श्रेय हिरावून घेतले, असा याचा अर्थ घेणे मात्र बरोबर होणार नाही. माणेकशा हे त्यांचे गुरू होते, पुढे अंधारखोलीतील काम बव्हंशी तेच सांभाळीत, आणि पत्नीने बाहेर जाऊन वार्तांकन करावे यास त्यांचे उत्तेजन होते. अडचण छापखान्याच्या व संपादकीय खोलीच्या रूढींची होती. त्या काळी वृत्तचित्राखाली छायाचित्रकाराचे नाव देण्याची प्रथाच क्षीण होती. चित्राचा धातूचा ब्लॉक तयार झाला की मूळ प्रत कचेरीच्या फडताळात पडे.

होमाईंचे कार्य शोधू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे यामुळे दुहेरी प्रश्न उभा राहतो. नाव नसलेल्या चित्रांतून त्यांची चित्रे वेगळी काढावी लागतात, आणि ज्यांवर नाव आहे तेही नेहमी विश्वसनीय नसते. केवळ जुन्या अंकांच्या फायली चाळून हा गुंता सुटत नाही. त्यासाठी मूळ निगेटिव्ह लागतात आणि चित्र काढणाऱ्या व्यक्तीची आठवण लागते.

दिल्लीतील वर्षे

१९४२ मध्ये हे दांपत्य ब्रिटिश माहिती सेवेच्या नोकरीसाठी दिल्लीस गेले. नोकरी सांभाळून बाहेरची कामे करण्याची त्यांना मुभा होती. मुंबईहून निघणाऱ्या ‘ऑनलुकर’ या नियतकालिकासाठी, तसेच ‘टाइम’ व ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकांसाठीही होमाईंनी काम केले. साडी नेसून, पाठीवर यंत्रसामग्री घेऊन सायकलवरून दिल्लीभर फिरणाऱ्या या एकमेव स्त्री वृत्तछायाचित्रकाराला सहकारी ‘मम्मी’ म्हणत असत.

त्यांच्या संग्रहाचा गाभा याच काळातला आहे. जून १९४७ मध्ये काँग्रेसचे सदस्य फाळणीच्या योजनेवर हात उंचावून मत देत असल्याचे चित्र, स्वातंत्र्याच्या वेळी लाल किल्ल्यावर झालेले ध्वजारोहण, माउंटबॅटन यांचे भारतातून प्रयाण, महात्मा गांधींची अंत्ययात्रा, १९५६ च्या अखेरीस सिक्कीममधील नथू ला खिंडीतून भारतात आलेले तरुण दलाई लामा, भारतभेटीस आलेले हो चि मिन्ह, राणी एलिझाबेथ व जॅकलिन केनेडी, आणि १९६४ मधील नेहरूंचा अंत्यविधी ही त्यांतील ठळक उदाहरणे. दलाई लामांच्या आगमनाचे चित्र घेण्यासाठी त्या दिल्लीहून एकट्या सिक्कीमला गेल्या होत्या.

नेहरू हा त्यांचा आवडता विषय होता. पांढरे कबूतर सोडणारे नेहरू, विमानतळावर बहीण विजयालक्ष्मी पंडित यांना आलिंगन देणारे नेहरू, ‘छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई’ अशा पाटीशेजारी निवांत उभे असलेले नेहरू, आणि ब्रिटिश उप-उच्चायुक्तांच्या पत्नी श्रीमती सिमॉन यांची सिगारेट पेटवून देणारे नेहरू ही चित्रे सर्वांत अधिक पुनर्मुद्रित झाली आहेत. यांतील शेवटचे चित्र आजकाल संदर्भ सोडून राजकीय वादांत वापरले जाते. कोणाच्याही बाजूचे असोत, असे वापरणारे लोक छायाचित्रकाराचे नाव क्वचितच देतात.

न काढलेल्या एका चित्राचीही आठवण त्या सांगत. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी त्या बिर्ला भवनातील प्रार्थनासभेस जाण्यास निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जाऊ, असे माणेकशा यांनी सुचविल्यावरून त्या मागे फिरल्या. त्याच सायंकाळी गांधीजींची हत्या झाली. ही चुटपुट त्यांच्या अनेक मुलाखतींत आली आहे.

यंत्रसामग्री आणि तिचे मर्म

होमाईंच्या स्मृतिवस्तूंचा विचार करताना त्यांनी वापरलेल्या दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांचे स्वरूप समजून घेणे उपयुक्त ठरते. ‘स्पीड ग्राफिक’ हा जड, चौकोनी पेटीसारखा वृत्तपत्री कॅमेरा होय. त्यात फिल्मचे सुटे पत्रे बसविलेली खाप घालावी लागते. एका खापेत दोन पत्रे असतात. म्हणजे एक चित्र घेतले की खाप काढून, उलटवून पुन्हा घालायची, व दोन चित्रे झाली की ती बदलायची. रात्रीच्या समारंभात यासोबत प्रकाशझोताचा दिवा लागे व तो प्रत्येक चित्रामागे जळून निकामी होई. ‘रोलिफ्लेक्स’ त्या मानाने हलका. तो पोटाशी धरून, वरून खाली पाहात, घासलेल्या काचेवर प्रतिमा जुळवायची असते, आणि एका रोलवर ६ × ६ सेंटिमीटरची बारा चौरस चित्रे येतात.

या तांत्रिक गोष्टींचा चित्रांवर प्रत्यक्ष परिणाम झालेला दिसतो. एका प्रसंगी दहा-बारा चित्रांहून अधिक मिळण्याची शक्यता नसे, म्हणून क्षण ओळखून थांबणे हीच खरी कसोटी होती. शिवाय रोलिफ्लेक्स डोळ्याला लावावा लागत नसल्यामुळे समोरच्या व्यक्तीवर रोखल्यासारखा वाटत नाही. होमाईंच्या चित्रांतील माणसे सावध झालेली फारशी दिसत नाहीत, याचे श्रेय त्यांच्या संयत वागण्याइतकेच या यंत्राच्या घडणीलाही द्यावे लागेल. आजच्या विद्यार्थ्याला, ज्याच्या भ्रमणध्वनीत एका लग्नाची पाचशे चित्रे असतात, हे मुद्दाम सांगावे लागते: त्या काळच्या एखाद्या ऐतिहासिक घटनेची चारच निगेटिव्ह असू शकतात, आणि त्यांतील एक गहाळ झाली तर तिची भरपाई कशानेच होत नाही.

‘डालडा १३’

त्यांच्या टोपणनावाची हकीकत सर्वत्र सांगितली जाते. त्यांच्या पहिल्या मोटारीचा क्रमांक ‘डीएलडी १३’ असा होता. जन्म १९१३ चा आणि भावी पतीची भेट तेराव्या वर्षी, असा तेराचा योग त्यांना गमतीचा वाटे. डीएलडी या अक्षरांवरून त्या काळी घरोघरी असलेल्या वनस्पती तुपाचे नाव आपोआप सुचले. लक्षात राहण्याजोगे असल्यामुळे हे नाव पुढील काळात लेखांच्या शीर्षकांत सर्रास येऊ लागले. ते वापरण्यास हरकत नाही. मात्र त्यांची मुंबईतील आरंभीची चित्रे या नावाने प्रसिद्ध झाली, अशी जी समजूत काही लेखांतून पसरली आहे, ती कालक्रमाशी जुळत नाही. हे नाव दिल्लीतील मोटारीनंतरचे आहे.

निवृत्ती आणि विस्मरण

माणेकशा १९६९ मध्ये निवर्तले. त्यानंतर वर्षभरात, १९७० मध्ये, होमाईंनी व्यवसाय सोडला. नव्या पिढीतील छायाचित्रकारांचे उच्छृंखल वर्तन, समारंभाची व व्यक्तीची मर्यादा न पाळणे, हे त्यांना रुचत नव्हते. त्यांनी कॅमेरा पुन्हा व्यावसायिक कामासाठी हाती घेतला नाही. पिलानी येथे अध्यापन करणाऱ्या मुलाकडे, फारूख यांच्याकडे, त्या राहावयास गेल्या व पुढे वडोदऱ्यास स्थायिक झाल्या. १९८९ मध्ये फारूख यांचेही निधन झाले. तेथपासून अखेरपर्यंत त्या वडोदऱ्यात एकट्या राहिल्या. बागकाम, पुष्परचना, सुतारकाम व घरातील लहानमोठी दुरुस्ती यांत त्यांचा वेळ जाई.

हा काळ संग्रहाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा होता. जिच्याकडे स्वतंत्र भारताच्या पहिल्या दोन दशकांची चित्रे होती, अशी स्त्री एका मध्यम शहरातील घरात, कोणत्याही संस्थेच्या पाठबळावाचून, ती पेटाऱ्यांत सांभाळून होती. निगेटिव्हचे शत्रू म्हणजे दमट हवा, बुरशी आणि उष्णता. आपल्या हवामानात तिन्हींचा तुटवडा नाही.

त्यांच्याच पिढीतील दिल्लीचे छायाचित्रकार कुलवंत रॉय यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ते १९८४ मध्ये वारले आणि त्यांच्या निगेटिव्हच्या पेट्या छायाचित्रकार आदित्य आर्य यांच्याकडे आल्या. त्या उघडून लावण्याचे काम रॉय यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी सुरू झाले आणि ‘हिस्टरी इन द मेकिंग’ हा ग्रंथ २०१० मध्ये निघाला. तोपर्यंत चित्रातील माणूस कोण, प्रसंग कोणता, हे सांगणारा माणूस उरला नव्हता. होमाईंच्या बाबतीत हा प्रसंग टळला, तो थोडक्यात.

माहितीपट

होमाईंचा पुनर्शोध सबीना गाडीहोक यांच्यामुळे झाला. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठातील जनसंज्ञापन संशोधन केंद्रात अध्यापन करणाऱ्या गाडीहोक या स्वतः चलच्चित्रणकार आहेत. १९९८ मध्ये त्यांनी ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ हा माहितीपट केला. त्यात होमाईंबरोबर शीबा छाछी व दयानिता सिंग या दोन पुढील पिढीतील छायाचित्रकार स्त्रिया आहेत. स्त्री चळवळीचे चित्रण करणाऱ्या शीबा छाछी आणि वृत्तचित्रांपासून स्वतंत्र कलानिर्मितीकडे वळलेल्या दयानिता सिंग यांच्या पंक्तीस बसविल्यामुळे होमाई या एखाद्या अपवादात्मक आजीबाई न ठरता एका परंपरेच्या आरंभी उभ्या राहिल्या. त्याच वर्षी त्यांना स्त्री पत्रकारांसाठी असलेला चमेली देवी जैन पुरस्कार देण्यात आला.

चरित्रग्रंथ

गाडीहोक यांचा ‘इंडिया इन फोकस: कॅमेरा क्रॉनिकल्स ऑफ होमाई व्यारावाला’ हा इंग्रजी ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अहमदाबादची मापिन ही प्रकाशनसंस्था आणि पारझोर प्रतिष्ठान यांनी तो काढला. पारझोर ही पारशी समाजाचा वारसा जतन करण्यासाठी युनेस्कोच्या साहाय्याने १९९९ मध्ये सुरू झालेली योजना होय. संख्येने घटत चाललेल्या एका समाजाने आपली स्मृती टिकविण्यासाठी जो खटाटोप केला, त्यातून हा ग्रंथ निघाला. वृत्तपत्रसृष्टीने तो आधी काढला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ग्रंथ मोठ्या आकाराचा व सचित्र असला तरी दिवाणखान्यात मांडून ठेवण्याच्या चित्रसंग्रहांत त्याची गणना करता येणार नाही. दीर्घ संभाषणांवर आधारलेले चरित्र आणि होमाईंचे स्वतःचे निवेदन यांची त्यात गुंफण आहे. नाटक मंडळीबरोबरचे बालपण, मुंबईतील पारशी मध्यमवर्गाचे जीवन, कला विद्यालयातील मैत्रिणी, युद्धकाळातील शहर, दिल्लीतील पत्रकारांचा सहवास, समारंभात उभे राहण्याच्या जागेसाठी होणारी धडपड, व्यवसायातील पैशाचे व्यवहार, असा तपशील त्यात आला आहे. होमाई या स्वतःचा गौरव करून घेणाऱ्यांपैकी नव्हत्या. आपण उपजीविकेसाठी काम केले, हे त्या स्पष्टपणे सांगत. त्यामुळे त्यांच्या निवेदनाला एक कोरडी, मिस्कील अशी चव आहे. मोहम्मद अली जिना यांच्या पाकिस्तानला जाण्यापूर्वीच्या पत्रकार परिषदेत त्या खोक्यांवर चढून चित्र घेत असता कोसळल्या आणि जिनांनी कोठे लागले काय म्हणून विचारले, यांसारखे प्रसंग याच निवेदनशैलीमुळे जिवंत झाले आहेत.

ग्रंथाचे खरे मोल मात्र याहून वेगळ्या गोष्टीत आहे. चित्राखालच्या ओळी हा बहुधा कोणी न वाचणारा भाग. परंतु संग्रहाच्या दृष्टीने तोच प्राण असतो. समोरच्या रांगेतील प्रसिद्ध माणसे कोणीही ओळखील. मागे उभा असलेला कोण, खोली कोणती, त्या दिवशी आत कोणाला सोडले होते, हे चित्र काढणाराच सांगू शकतो. ग्रंथ निघाला तेव्हा होमाई ब्याण्णव वर्षांच्या होत्या आणि त्यांची स्मृती तल्लख होती. पुढे सहा वर्षांच्या आत त्यांचे निधन झाले. याच काळात हे काम झाले नसते तर त्यांच्या चित्रांनाही कुलवंत रॉय यांच्या पेट्यांसारखेच अनुमानाने वाचावे लागले असते.

उणीवही नोंदविली पाहिजे. ग्रंथ इंग्रजीत असून त्याची किंमत व आकार सामान्य शालेय ग्रंथालयाच्या आवाक्याबाहेरचा आहे. होमाईंचे शिक्षण, पहिले काम, पहिली कमाई हे सर्व मुंबईतले. तरीही मराठी वाचकाला त्यांची ओळख मुख्यतः वृत्तपत्रांतील मृत्युलेखांतून आणि स्मरणदिनाच्या टिपणांतून होते. अशा टिपणांत मुंबईचा भाग दोन ओळींत आटोपून लेखक दिल्लीस पोहोचतो.

आल्काझी संग्रह

होमाईंनी आपला संग्रह दिल्लीच्या आल्काझी कला प्रतिष्ठानाकडे सुपूर्द केला. रंगभूमीवरील थोर दिग्दर्शक इब्राहिम आल्काझी यांनी जमविलेला छायाचित्रांचा संग्रह हा या प्रतिष्ठानाचा पाया आहे. आल्काझी यांचा जन्म पुण्यातला आणि रंगभूमीवरील त्यांची उमेदवारी मुंबईतली. मुंबईत घडून दिल्लीत गाजलेल्या दोन व्यक्तींचे काम अशा रीतीने एका छपराखाली आले.

व्यक्तीच्या घरातील पेटारा आणि संस्थेतील संग्रह यांत फरक काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. संस्थेत निगेटिव्ह आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, नियंत्रित तापमानात ठेवल्या जातात. प्रत्येकीला क्रमांक मिळतो, तिची अंकीय प्रतिमा केली जाते व मूळ निगेटिव्ह हाताळण्याची गरज कमी होते. त्या काळात काढलेली प्रत आणि नंतर काढलेली प्रत यांची वेगवेगळी नोंद ठेवली जाते. यामुळे अभ्यासकाला छापलेले चित्र मूळ चौकटीशी ताडून पाहता येते. संपादकांनी कडेचे कोणते भाग कापले हे अशा तुलनेतूनच कळते.

प्रदर्शने

२०१० मध्ये नवी दिल्लीतील राष्ट्रीय आधुनिक कला दालनात होमाईंच्या कार्याचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्याची मांडणी सबीना गाडीहोक यांनी आल्काझी प्रतिष्ठानाच्या सहकार्याने केली. वृत्तचित्रांना चित्र-शिल्पांच्या बरोबरीने राष्ट्रीय कला दालनात स्थान मिळणे ही त्या वेळी नित्याची गोष्ट नव्हती. हेच प्रदर्शन पुढे मुंबई व बंगळूर येथील दालनांत नेण्यात आले. मुंबईचे दालन फोर्ट भागातील सर कावसजी जहांगीर सभागृहात आहे. ज्या कला विद्यालयाच्या आवारात होमाईंनी मैत्रिणींची चित्रे घेतली, ते तेथून फार दूर नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, २०१२ मध्ये, न्यूयॉर्कच्या रुबिन कला संग्रहालयात ‘कँडिड: द लेन्स अँड लाइफ ऑफ होमाई व्यारावाला’ हे प्रदर्शन झाले. हिमालयीन कलेला वाहिलेल्या या संग्रहालयात, दलाई लामांचे खिंडीतील चित्र काढणाऱ्या छायाचित्रकाराचे प्रदर्शन व्हावे हे औचित्यपूर्णच होते.

राजमान्यता

माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१० मध्ये राष्ट्रीय छायाचित्र पुरस्कारांत त्यांना जीवनगौरव दिला, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा देशातील दुसऱ्या क्रमांकाचा नागरी सन्मान प्राप्त झाला. त्या वेळी राष्ट्रपतिपदी प्रतिभा पाटील होत्या. होमाई तेव्हा सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या, व व्यवसाय सोडून त्यांना एक्केचाळीस वर्षे झाली होती.

लोकप्रिय स्मरण

९ डिसेंबर २०१७ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे रेखाचित्र झळकविले. मुंबईचे चित्रकार समीर कुलावूर यांनी ते काढले होते. रोलिफ्लेक्स हाती घेतलेल्या, आखूड केसांच्या होमाई आणि त्यांच्याभोवती त्यांच्या काळातील प्रसंग अशी त्याची रचना आहे. या एका दिवसाने जितक्या लोकांपर्यंत त्यांचे नाव पोहोचले, तितके ग्रंथाने पोहोचले नसेल. उलटपक्षी, त्या दिवशी प्रसिद्ध झालेले जवळजवळ सर्व मजकूर ‘पहिली स्त्री’, ‘डालडा १३’ आणि नेहरूंची दोन-चार चित्रे यांच्यापुढे गेले नाहीत. त्यानंतर मुलींसाठीच्या प्रेरक चरित्रमालांतही हाच त्रोटक वृत्तान्त फिरतो आहे.

‘पहिली’ या विशेषणासंबंधी

होमाईंचा उल्लेख कधीकधी ‘भारतातील पहिल्या स्त्री छायाचित्रकार’ असा केला जातो. तो बरोबर नाही. कोलकात्यातील अन्नपूर्णा दत्त (१८९४–१९७६) यांनी होमाईंच्या आधीच छायाचित्रणावर उपजीविका चालविली होती. घरोघरी जाऊन स्त्रियांची व्यक्तिचित्रे काढणे हा त्यांचा व्यवसाय होता. देबलीना मजुमदार व मनोबीना रॉय या १९१९ मध्ये जन्मलेल्या जुळ्या बहिणी होमाईंच्या समकालीन असून त्यांनीही उत्तम छायाचित्रे काढली. होमाईंचे वेगळेपण वृत्तछायाचित्रणात आहे: घटनास्थळी पोहोचणे, पुरुष सहकाऱ्यांच्या गर्दीत जागा मिळविणे, ठरलेल्या वेळेत प्रत कचेरीत पोहोचविणे, आणि हे तीस वर्षे करणे. ‘पहिली छायाचित्र-पत्रकार’ हे विशेषण त्या अर्थाने घ्यावे.

स्वामित्वहक्क व नामनिर्देश

१९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात छायाचित्रावरील हक्काची मुदत काढणाऱ्याच्या मृत्यूपासून न मोजता चित्राच्या प्रसिद्धीपासून मोजली जात असे. ही मुदत आधी पन्नास व १९९२ नंतर साठ वर्षांची होती. लेखकाला किंवा चित्रकाराला मृत्यूनंतरही लाभणारे संरक्षण छायाचित्रकाराला नव्हते. २०१२ च्या दुरुस्तीने हे कलम वगळून छायाचित्रे इतर कलाकृतींच्या बरोबरीस आणली. ही दुरुस्ती होमाईंच्या निधनानंतर त्याच वर्षी अमलात आली. स्वातंत्र्यकाळात प्रसिद्ध झालेल्या चित्रांची जुनी मुदत त्यापूर्वीच संपलेली असल्याने ती सर्वत्र मुक्तपणे वापरली जातात. संग्रहातून मिळविलेल्या प्रतिमांखाली मात्र ‘होमाई व्यारावाला अर्काइव्ह / द आल्काझी कलेक्शन ऑफ फोटोग्राफी’ असा निर्देश छापला जातो.